मनगटावरचं कापणीचं अत्तर

माझ्या आईच्या डाव्या हाताला आमच्या घरात वेगळे नियम होते. ज्या दिवशी त्या हाताला अत्तर लावायचं असेल त्या दिवशी घरात मासे येत नसत, लसूण ठेचली जात नसे आणि गोठ्यातलं शेण शेजारची काकी काढून देई. सकाळी आंघोळ झाली की आई ओटीवर येऊन हात पुढे करी. वडील काचेच्या काडीने मनगटाच्या आतल्या बाजूला, निळ्या शिरा दिसतात तिथे, एक ठिपका टेकवीत. मग तो हात दिवसातून तीन वेळा हुंगायचा. लगेच, दुपारच्या जेवणानंतर आणि दिवेलागणीला. तिन्ही वेळा वास पसंत पडला तरच ते अत्तर कुप्यांत भरलं जाई.

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करतो आहे. आमच्या घरात कागदावर काही लिहिणारा मी पहिलाच. कॉलेजात निबंधाला सुरुवात, मध्य आणि शेवट असावा असं सांगतात. इथे मला ते जमेल असं वाटत नाही. पण वास विसरत चालला की माणूस विसरतो अशी भीती वाटते, म्हणून लिहितो.

वडील तरुणपणी मुंबईला एका अत्तरवाल्याच्या दुकानात कामाला होते. तिथून परत आले ते एक तांब्याचा डेग आणि एक कला घेऊन. रत्नागिरीच्या बाहेर खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर आमचं घर, मागे माडाच्या झापांची खोप, खोपीत चुलाण. डेगात फुलं आणि पाणी घालायचं, झाकण मातीने लिंपायचं, बांबूच्या नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यातल्या चंदनतेलात सोडायची. एवढंच. पण या एवढ्याशात आठ दिवस जात. वडिलांना लिहिता-वाचता येत नाही. आमच्या फळीवरच्या एकाही कुपीवर चिठ्ठी नव्हती. ते बूच काढून हुंगत आणि कुपी कसली ते सांगत.

त्यांना स्वतःच्या हातावर पारख करता येत नसे. वीस वर्षं चंदनतेलात बुडालेले हात ते. त्यांवर काहीही लावलं तरी शेवटी चंदनच. कापसाच्या फायावर पारख करणाऱ्यांना ते हसत. "कापसावर अत्तर बदलत नाही रे, नुसतं कमी होत जातं," ते म्हणत. "दुकानदाराला कापूस बरा. गिऱ्हाईक काय कापसाचं असतं?"

आईच्या हातावर मात्र अत्तर बदलत जाई, आणि ते कसं बदलतं हे मी लहानपणापासून शिकलो. केवडा लावल्या लावल्या नाकात शिरतो, जवळजवळ टोचतो, आणि दुपारपर्यंत थकून जातो. प्राजक्ताचं उलट. आधी काहीच नाही, गार पाण्यासारखं, मग हाताला ऊब येईल तसा मध उमलतो आणि त्या मधाच्या मागे कडसरपणा असतो, देठाचा. पण वडिलांचं खरं काम म्हणजे ते ज्याला कापणीचं अत्तर म्हणत ते. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच ते होई. खाडीकाठचा शेवटचा केवडा, अंगणातला प्राजक्त, बांधावरून उपटलेल्या नागरमोथ्याच्या मुळ्या आणि कातळावरचं नुकतं पिवळं पडलेलं गवत. सकाळी ते आईच्या मनगटावर केवड्याचं असे. दुपारी केवडा उतरून आत गवत आणि प्राजक्त दिसू लागत. उन्हात पसरलेल्या भाताच्या पेंढ्यात कुणी फुलं विसरलं असावं तसं. आणि दिवेलागणीला फक्त ओली माती आणि चंदन उरे, आणि तिसरं काहीतरी, जे कुपीत नव्हतं. ते आईचं होतं. मला त्याला शब्द नाही.

इंटरच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी कोल्हापूरहून घरी आलो तेव्हा वडिलांनी कापणीच्या अत्तराची पहिली भट्टी उतरवली होती. सकाळी ठिपका लावला, केवडा उत्तम होता. जेवणानंतर वडिलांनी आईचा हात नाकाशी नेला आणि तसाच मला दिला.

"हुंग बघू."

मी हुंगलं. गवताच्या जागी काहीतरी आंबट होतं.

"आंबलेल्या पेजेसारखा," मी म्हटलं.

"मला वाटलं मलाच तसा येतोय." त्यांनी पुन्हा हुंगलं. "केवडा सडका निघाला म्हणायचा."

दिवेलागणीला तर तो वास हुंगवेना. वडिलांनी ती सगळी भट्टी माडाच्या बुंध्यात ओतली. दुसऱ्या भट्टीसाठी ते स्वतः खाडीवर जाऊन केवड्याचं एकेक कणीस पारखून आले. आठ दिवसांनी पुन्हा तेच. सकाळी ठीक, दुपारी आंबट.

इथे मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. पण मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी होतो, आणि वडिलांनी पहिल्यांदाच मला विचारलं होतं, "तुमच्या पुस्तकात काय सांगतात रे असल्याला?" मी डेगात डोकं घालून पाहिलं. आतली कल्हई दोनतीन ठिकाणी विटली होती. मी सांगितलं की उघड्या तांब्यावर फुलांतल्या आम्लाची क्रिया होते, त्यातून क्षार तयार होतात, ते वाफेबरोबर जातात. हे शेवटचं मी कुठे वाचलं नव्हतं. आपोआप तोंडातून निघून गेलं.

वडील ऐकत राहिले. आई ओटीच्या पायरीवर बसली होती. तिला उठबस करताना हल्ली दम लागे. ती म्हणाली, "बघा. म्हणून शिकवायचं पोराला."

कल्हई करून आणण्यात आणि तिसऱ्या भट्टीत आणखी दहा दिवस गेले. ती उतरली त्या सकाळी मी कुणाला न सांगता माझ्याही मनगटावर एक ठिपका लावला. दुपारी माझ्या हातावर गवत होतं, प्राजक्त होता. दिवेलागणीला माती आणि चंदन. अगदी बरोबर. आणि आईच्या हातावर पेज.

मी हे बोललो नाही. आमच्याकडे आईचा हात चुकत नसे, त्यामुळे माझाच हात चुकतो आहे असं मला खरोखर वाटलं. दोन वर्षं खानावळीचं तेल-तिखट खाऊन, परगावचं पाणी पिऊन कातडी बिघडली असणार, तिला आंबट कळत नाही. मला त्याची लाजही वाटली. मी हात राखेने घासून धुतला.

ती भट्टीही वडील ओतायला निघाले तेव्हा काकी परड्यातून येत होती.

"भावजी, माडाला लावता होय अत्तर? यंदा नारळ गजरे घालून पडायचे."

"चेष्टा नको गो. तीनदा फुकट गेलं."

"बायकोचाच हात काय तो हात? आमचे काय लाकडाचे? लावा मला."

"तुझ्या हाताला लावून काय कळायचं? आधी सुका बांगडा, मग अत्तर."

"मग बांगड्यालाच लावा. दोन्ही खपतील!" असं म्हणून तिने हात पुढे केलाच. आई हसली. वडिलांनी वैतागून ठिपका लावला आणि अत्तराची घागर न ओतता तशीच ठेवली.

दिवेलागणीला काकी दिवा लावायचा सोडून आली. "घ्या, हुंगा एकदाचं. सून म्हणते, सासूबाई आज कुठं वरातीला निघाल्या."

वडिलांनी हुंगलं. मग पुन्हा हुंगलं. मग मला बोलावलं. काकीच्या हातावर, बांगड्याच्या वरून, माती आणि चंदन होतं. काहीही आंबट नव्हतं.

वडील आत गेले आणि आईला मनगटाला धरून समईपाशी घेऊन आले. हात उजेडात धरला. आईच्या हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. बोटं फुगली होती. निळ्या शिरा दिसतच नव्हत्या. अठरा-वीस दिवस आम्ही दोघे तो हात हुंगत होतो. कुणी बघितला नव्हता.

"वैनी, हे कधीपासून गो?" काकीने विचारलं. तिचा आवाज एकदम उतरला होता.

"लावणीपासून पाय जड वाटतात. तेवढंच. चिखलात उभं राहून होतं तसं," आई म्हणाली. आणि मग वडिलांकडे पाहून, अपराध केल्यासारखं, "म्हणजे अत्तर माझ्यामुळं ओतलंत होय तुम्ही?"

डॉक्टरांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. मीठ बंद करा, उठू देऊ नका, असं त्यांनी वडिलांना सांगितलं, आणि मला बाहेर नेलं. "तू शिकलेला आहेस म्हणून सांगतो. मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत. दीडदोन महिने आधी आणलं असतं तरी बरी झाली असती असं नाही, पण..." त्या 'पण'ने माझी किती झोप खाल्ली ते मलाच माहीत. त्यातले दहा दिवस मी घालवले होते. कल्हईच्या गोष्टी सांगून.

त्यानंतर आमच्या घरात उलटं सुरू झालं. अत्तर पक्कं होतं. आता रोज सकाळी त्याच कुपीतला ठिपका लावून आम्ही आईला तपासू लागलो. दुपार झाली की वडील आणि मी एकमेकांकडे न बघता हात हुंगायचो. अळणी जेवण सुरू झाल्यावर एका दिवशी दुपारपर्यंत आंबट आलं नाही. संध्याकाळी आलं. वडील परसात जाऊन उगाचच लाकडं फोडत बसले. त्यांना आनंद दाखवता येत नसे. दुसऱ्या दिवशी आंबट पुन्हा दुपारीच आलं. मी देवाला काय काय बोललो ते लिहीत नाही. वासावर माणूस बरा होत नाही हे मला कळत होतं. तरी मी रोज तो हात नाकाशी नेताना श्वास घ्यायला घाबरायचो, जणू मी हुंगलं नाही तर आंबट येणार नाही.

सुट्टी संपली. मी जाणार नाही म्हणालो. आईने भिंतीकडे तोंड केलं. "मग इतकी वर्षं कशाला शिकलास? माझ्या उशाशी बसायला? परीक्षा दे. मी कुठं पळून जात्ये?"

निघताना मी वडिलांना म्हटलं, "बाबा, पत्र तुम्ही शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेणार. त्यात काय लिहाल ते मला ठाऊक आहे. प्रकृती ठीक, अभ्यास कर. पत्रात काहीही लिहा, पण फाया पाठवा."

त्यांना लगेच कळलं. दर शनिवारी सकाळी आईच्या मनगटावर अत्तर लावायचं, दिवेलागणीला कापसाने पुसून घ्यायचं, तो फाया मेणकागदात गुंडाळून पत्राबरोबर पाठवायचा. त्यांनी मला कापणीच्या अत्तराची एक लहान कुपी दिली, ताडून पाहायला.

दर मंगळवारी पत्र येई. खोलीतला माझा जोडीदार घाटावरचा, मोकळा माणूस. त्याला काय माहीत. "आलं का रं अत्तर? कोकणात पोरी अशी पत्रं लिवत्यात व्हय? लगीन कवा?" मी त्याला काही सांगितलं नाही. सांगायला लाज वाटली. आई आजारी म्हणून मुलगा कापूस हुंगतो, हे कुणाला सांगणार? मी कॉलेजच्या मागे जाऊन कागद उघडायचो. पहिला फाया आंबट. दुसरा आंबट. तिसरा इतका की मी तिथेच बसून राहिलो, तासाला गेलो नाही. पण त्या आंबटाखाली, फार खाली, ते तिसरं काहीतरी असे, जे कुपीत नव्हतं. तेवढ्यासाठी मी पुन्हा पुन्हा हुंगायचो. सहाव्या आठवड्यापर्यंत तो फाया मला हवासाही वाटू लागला होता आणि त्याची भीतीही.

चाचणी परीक्षेच्या आधीच्या मंगळवारी आठवा फाया आला. मी खोलीतच होतो, बाहेर जायला वेळ नव्हता. कागद उघडला आणि जोडीदार म्हणाला, "आज झ्याक वास हाय की!"

होता. केवडा, त्यामागे गवत, प्राजक्त, माती. आंबट कणभरही नाही. मी कुपी काढून ताडून पाहिलं. तंतोतंत तसाच. पत्रात मास्तरांच्या अक्षरात नेहमीचं होतं: सर्व ठीक, परीक्षा नीट दे. मी जोडीदाराला मिठी मारली आणि त्याला सगळं सांगून टाकलं. तो बिचारा डोळे पुसत म्हणाला, "मर्दा, आधी का न्हाई बोललास?" मी कार्ड लिहिलं आणि धावत जाऊन पेटीत टाकलं.

संध्याकाळी खोलीत दिवा लावला तेव्हा फाया टेबलावर होता. मी सहज उचलून हुंगलं. केवडा होता. सकाळी होता तसाच, थोडा कमी.

मी खाली बसलो. दिवेलागणीला पुसून घेतलेल्या फायात केवडा कसा असेल? आईच्या मनगटावर केवडा दुपारपर्यंत जातो. तो सकाळी मला आला होता, आणि मी आनंदात ते ध्यानातच घेतलं नव्हतं. मी फाया नाकाशी दाबून धरला. आंबट शोधलं. मिळालं नाही. ते तिसरं शोधलं. तेही नव्हतं. तो कुपीतून थेट कापसावर घेतलेला फाया होता. त्याला कुणाच्याही अंगाचा वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मोटरीत बसलो. परीक्षेचं कुणालाही सांगितलं नाही. घाट उतरेपर्यंत मी स्वतःला समजावत होतो: बाबांना घाई झाली असेल, आईला झोप लागली असेल, उठवलं नसेल, कापूस बदलला असेल. रत्नागिरीच्या अलीकडे हातखंब्याला मोटर बरीच थांबली. उतारू चहाला उतरले. माझ्या खिशात ती लहान कुपी होती. आमच्यात सुतकात अंगाला तेल लावत नाहीत, अत्तर तर नाहीच. मी कुपी हातात धरून बसलो आणि माझ्या मनात आलं की मी आत्ता अत्तर लावलं तर सुतक नाही. मी लावलं तर ती आहे. शास्त्र शिकणाऱ्या मुलाने असा विचार करू नये. मी बूच काढलं आणि मनगटावर, गळ्याला, जिथे जमेल तिथे अत्तर लावलं. हात भिजेपर्यंत लावलं.

मोटरतळावरून घरापर्यंत पायी गेलो. अंगणात काकी होती. मला पाहून तिने तोंडाला पदर लावला, आणि मी जवळ गेल्यावर वास येऊन ती मागे सरली. "मेल्या, हे काय लावून आलास रे," ती म्हणाली आणि रडायला लागली.

वडील ओटीवर बसले होते. खोपीत चुलाण थंड होतं.

"कधी कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

"काल. दिवे लागताना."

"मला वाटलं, उघडल्या उघडल्याच कळेल." मग ते म्हणाले, "शुक्रवारीच गेली ती. परीक्षा होईस्तोवर कळवायचं नाही, अशी तुझ्या आवशीने शपथ घातली मला. मास्तरांनाही सांगून ठेवलं होतं. फाया पाठवू नको असं काय ती म्हणाली नव्हती."

शनिवारी, सुतकात, त्यांनी कुपी उघडली होती.

मी पायरीवर बसलो. आईला अग्नी मी द्यायचा होता. त्यांनी माझं मनगट धरलं आणि नाकाशी नेलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी बराच वेळ हुंगलं. ऊन उतरत होतं, अत्तर लावून तीनचार तास झाले होते. मग त्यांनी हात सोडला आणि काकीला म्हणाले, "ह्याला पाणी दे आंघोळीला."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन आला. त्याला घरातलं माहीत होतं, तो कार्ड पायरीवर ठेवून गेला. वडिलांनी ते उचलून माझ्यापुढे धरलं. "वाच."

माझंच अक्षर. मी म्हटलं, "काही नाही, बाबा. माझंच आहे."

"वाच म्हटलं ना."

मी वाचलं. तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. आजचा फाया मिळाला. अत्तर अगदी बरोबर आहे, कुठेही आंबट नाही. आईचा हात बरा झाला. तिला सांगा, मी परीक्षा चांगली देतो. शेवटची ओळ मला दोनदा वाचावी लागली.

वडील माडाकडे बघत होते. तीन भट्ट्यांपैकी दोन त्याच्या बुंध्यात गेल्या होत्या.

"अत्तर अगदी बरोबर आहे, असं लिहिलंस?"

"हो."

"बरोबरच होतं ते," ते म्हणाले. "पहिल्या भट्टीपासून बरोबर होतं."